भाजलेल्या तांदळातला कॅमेरा

बागबाजारच्या त्या म्हाताऱ्याने मला कॅमेरा विकला नाही. शब्द दिला होता, तरी विकला नाही. आजवर ज्याला ज्याला ही गोष्ट सांगितली तो म्हणाला, जाऊ द्या हो, म्हातारा माणूस. जाऊ देणं मला जमत नाही. सतराव्या वर्षी कऱ्हाडहून हावड्याला आलो, दुसऱ्याच्या लेथखालचा कीस झाडला आणि तिशीच्या आत स्वतःची शेड उभी केली, ती काही जाऊ देऊन उभी राहिली नाही. ताग गिरण्यांना लागणारे सुटे भाग मी बनवतो. गिरण्यांचे खरेदी अधिकारी माझ्याशी भाव ठरवायला बसण्याआधी पंखा जोरात करायला सांगतात.

नाद एकच, पक्ष्यांचे फोटो काढण्याचा. माझ्याकडे घडीचा, भात्याचा कॅमेरा होता. यंत्र चांगलं, पण त्यात पक्षी मोहरीएवढा यायचा. जवळ जावं तर उडून जायचा. म्हणून दुसरा घ्यायचं ठरवलं आणि दोन महिने धर्मतळ्याची दुकानं पालथी घातली. दुकानदार दोन डोळ्यांचा, वरून खाली बघायचा कॅमेरा पुढे करायचे. त्याची निगेटिव्ह मोठी, चित्र स्वच्छ. पण त्याची काच बदलता येत नाही, आणि त्यात डावीकडे उडणारा पक्षी उजवीकडे उडताना दिसतो. बघणारा भलतीकडेच वळतो. लहान फिल्मच्या जर्मन कॅमेऱ्यांत एक जात अशी होती की जिच्या पोटात आरसा असतो. ज्या काचेतून चित्र पडणार तिच्यातूनच आपण बघतो, आणि पुढे हातभर लांबीची काच बसवता येते. मला तो हवा होता. आयातीवर बंधनं होती, नवा मिळणं कठीण. मात्र गोरे साहेब जाताना पुष्कळ वस्तू मागे ठेवून गेले होते. त्यांतला असा एक कॅमेरा बागबाजारात एका मराठी म्हाताऱ्याकडे आहे, असं एका दुकानदाराने सांगितलं. मग जरा थांबून म्हणाला, "म्हणजे, अजून असेल तर." मला वाटलं, तो कॅमेऱ्याबद्दल बोलतोय.

दुकानाला पाटी नव्हती. खिळे-बिजागऱ्या विकणाऱ्याच्या शेजारी अरुंद खोली, आत पत्र्याचे डबे रचलेले आणि भाजलेल्या तांदळाचा वास. दमट हवेने काचेवर बुरशी धरते म्हणून म्हातारा दर शुक्रवारी तांदूळ भाजायचा आणि डब्यांत घालून त्यात कॅमेरे पुरून ठेवायचा. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मी आत जाऊन हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा माझ्या नेहमीच्या आवाजात ओरडलो तेव्हा माझ्या कोपरापासून वीतभर अंतरावरून कोणी म्हणालं, "आहे. मघापासून आहे."

ठेंगण्या स्टुलावर तो बसला होता. मळकट धोतर, मळकट बंडी, रंग भिंतीसारखा. मी दचकलो, आणि दचकलो की मला राग येतो. म्हटलं, गिऱ्हाईक आल्यावर बोलायची पद्धत नाही का इथे? तो म्हणाला, "आपण हाक मारत होता, बघत नव्हता."

त्याचं मराठी विचित्र होतं. शुद्ध, पण पुस्तकातलं वाटायचं. तो इथेच जन्मला होता, वडिलांकडून भाषा शिकला होता, आणि वडील जाऊन चाळीस वर्षं झाली होती. मराठ्यांना अडवण्यासाठी शहराभोवती खणलेला खंदक बागबाजारातून सुरू व्हायचा, तो बुजवून वर घरं झाली, त्यांतच त्याची ही खोली. त्यावर त्याचा एक ठरलेला विनोद होता: "अडवणाऱ्यांना मी दिसलो नसेन."

कॅमेरा त्याने तांदळातून काढला, फुंकर मारली, पुढे लांबची काच बसवली आणि माझ्या हातात दिला. मी डोळ्याला लावला आणि समोरच्या गच्चीवरच्या कावळ्याच्या चोचीवरचा ओरखडा मला दिसला. त्या क्षणी मी ठरवलं की हा घ्यायचाच. पण हवी ती वस्तू मी कधी पुन्हा पाहत नाही; खाली ठेवतो, तिला नावं ठेवतो आणि दुसऱ्याच वस्तूची चौकशी करतो. त्याने किंमत सांगितली. मी निम्मी सांगितली. समोरचा माणूस यावर चिडतो किंवा हसतो, आणि दोन्हींचा मला उपयोग होतो. म्हाताऱ्याने यातलं काही केलं नाही. कॅमेरा पुन्हा तांदळात पुरला, हात झटकले आणि म्हणाला, "आधी आपले फोटो घेऊन या."

"माझे फोटो कशाला? मी गिऱ्हाईक आहे, सोयरिकीला आलो नाही."

"तरी आणा," तो म्हणाला.

पुढच्या आठवड्यात निवडक वीस फोटो घेऊन गेलो. या वेळी आत शिरताच स्टुलाकडे बघितलं, तरी तो दिसायला क्षणभर वेळ लागला. त्याने एकेक फोटो भिंगाखाली धरला. एका बगळ्यासाठी मी कमरेएवढ्या चिखलात उतरलो होतो, त्या फोटोवर तो फार वेळ थांबला. मला वाटलं, आता वा म्हणेल.

"हा तुमच्याकडे बघतोय," तो म्हणाला. मग दुसरा फोटो उचलला. "हाही." तिसरा. "हाही. सगळेच तुमच्याकडे बघतायत. कारखानदार, तुम्ही फार असता."

हे त्याचं पेटंट वाक्य. पुढे किती वेळा ऐकलं त्याची गणती नाही. मी जोराने बोललो, खुर्ची ओढली, खिशातली किल्ली वाजवली की तो डोळे न उचलता म्हणायचा, तुम्ही फार असता. त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, म्हणून तर लांबची काच हवी आहे. दुरून काढेन, मग कोण बघतंय माझ्याकडे?

त्यावर त्याने अट घातली. ज्यात पक्ष्याला माझा पत्ताच नाही असा एक फोटो मी घडीच्या कॅमेऱ्यावर काढून आणायचा. आणला की जर्मन कॅमेरा माझा, मी सांगेन त्या किमतीला. तोवर कोणाला देणार नाही.

मी सांगेन त्या किमतीला. असा सौदा मला जन्मात कोणी देऊ केला नव्हता. ज्येष्ठ लागला होता. सोनारपूरच्या पुढे एका झिलीत, म्हणजे उथळ तळ्यात, शिंगाड्याच्या पानांवर कमळपक्षी उतरतात, पावसाळ्यात त्यांना लांब शेपूट येतं, हे मला ठाऊक होतं. मी हो म्हटलं. निघताना तो म्हणाला की एक रविवार तो माझ्याबरोबर येईल. मग हळूच पुढे जोडलं, "माझ्याशी मराठीत भांडायला दहा वर्षांनी कोणी आलं." शहरात मराठी मंडळ होतं, गणपती बसायचा, बदलीवर आलेले सरकारी अधिकारी सहकुटुंब जमायचे. वर्गणीला याच्याकडे कोणी येत नसे. त्याचाही तो विनोद करायचा.

तो रविवार मी विसरलेलो नाही. ट्राममध्ये कंडक्टरने माझं तिकीट फाडलं आणि पुढे गेला. मी म्हटलं, यांचं राहिलं. कंडक्टर मागे वळला, माझ्या शेजारच्या जागेकडे बघितलं आणि विचारलं, कोणाचं? म्हाताऱ्याने पैसे पुढे केले तेव्हा कुठे त्याला तो दिसला, आणि कंडक्टर बिचारा ओशाळला. सियालदहला मी दोन चहा मागितले, एकच आला. मला हसू येत होतं. हिवाळ्यात घाटावर धुकं असलं की असं होतंच, असं काहीतरी मी मनाला सांगितलं; तेव्हा ज्येष्ठातलं ऊन होतं.

स्टेशनवर पूर्व बंगालातून आलेली कुटुंबं राहत होती. फलाटावर अंथरुणं, चुली, दोरीवर लुगडी. आमच्या समोर एक बाई विटांच्या चुलीवर भात रांधत होती आणि गाडीतून उतरलेली माणसं तिच्या भांड्यावरून पाय टाकून जात होती. एकाच्याही नजरेत ती आली नाही. म्हातारा तिच्याकडे बघत उभा राहिला. "मला हे यायला वीस वर्षं लागली," तो म्हणाला. "यांना काहीच करावं लागलं नाही. लोकांनी बघायचं सोडलं, तेवढं पुरलं."

मी घाईत होतो. गाडी सुटत होती.

झिलीवर पोचल्यावर त्याने मला काठावर थांबवलं आणि स्वतः पाण्यात उतरला. धोतर खोचलं नाही, दबकत चालला नाही, झुडपाआड गेला नाही. बाजारातून जावं तसा सरळ गेला. पाण्यात वीसेक बगळे उभे होते. एकही उडाला नाही. तो एकाच्या इतका जवळून गेला की हात लांबवला असता तर पिसाला लागला असता. बगळ्याने मासा टिपला, मान हलवली, गिळला. मग मी पहिलं पाऊल पाण्यात टाकलं आणि सगळे एकदम उठले. पंखांच्या त्या आवाजात म्हातारा मध्यभागी उभा होता आणि माझ्याकडे बघत होता. माझ्या अंगावर काटा आला. राग येईल म्हणून मी वाट बघितली, पण तोही येईना.

परतताना विचारलं, हे कसं करता? तो म्हणाला, लपायचं नाही. लपणारा माणूस फार मोठा दिसतो. फक्त काही मागायचं नाही. "आधी पक्षी विसरतात," तो म्हणाला, आणि पुढचं वाक्य गाडीच्या शिटीत गेलं. मी पुन्हा विचारलं नाही.

आषाढात मला घरटं सापडलं. तरंगत्या पानांचा चोथा, त्यावर चार अंडी, तांब्याच्या भांड्याच्या रंगाची. कमळपक्ष्यांत अंडी नर उबवतो, मादी दुसरीकडे निघून जाते. पिलं बाहेर पडली की बापामागे पानापानांवरून पांगतात. म्हणजे माझ्या हातात महिन्याहून कमी दिवस होते. मग फोटो नाही, आणि कॅमेराही नाही.

मी माझी विद्या लावली. मला तू नकोच आहेस, असा चेहरा करून बसलो. दुसरीकडे बघितलं, विडी ओढली, जांभया दिल्या. खरेदी अधिकारी फसतात. तो नर दहा हातांवरून ओरडत उठायचा आणि अंडी उघडी टाकून माझ्याभोवती घिरट्या घालायचा. तीन रविवार गेले. मी मधल्या वारीही जाऊ लागलो. कारखान्यात मुकादमावर सगळं सोडलं. मनात म्हाताऱ्याला शिव्या घालत पाण्यात पाय सोडून बसायचो.

श्रावणात एका सकाळी शिव्या संपल्या. ठरवून नव्हे, मडकं झिरपून रिकामं व्हावं तसं झालं. पाणी होतं, पानं होती, पानांवर किडे होते. कॅमेरा मांडीवर होता आणि मांडी कोणाची आहे याची मला आठवण नव्हती. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. नर आला, माझ्या बुडालेल्या घोट्यावर टेकलेल्या पानावरून चालत गेला, अंड्यांवर बसला, एक अंडं पंखाखाली ओढलं. तीन हातांवर. मी कॅमेरा उचलला, अंतर जुळवलं, खटका दाबला. एवढा आवाज झाला आणि त्याने मान वळवली, आणि त्याची नजर माझ्यातून आरपार मागच्या बाभळीवर गेली.

आनंद व्हायला हवा होता. मी उठलो तरी तो उडाला नाही, तेव्हा मला थंडी वाजली.

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसलो होतो. एक जाडजूड गृहस्थ आले आणि माझ्या मांडीवर बसले. मी ओरडलो तसे ते किंचाळून उठले. डब्यातली माणसं हसली, मीही हसलो. मुद्दाम मोठ्याने हसलो. शेडमध्ये गेलो तर मुकादम माझ्या टेबलाला टेकून दुसऱ्याला सांगत होता की मालकाचं डोकं पक्ष्यांनी खाल्लं. माझ्याकडे तोंड करून सांगत होता. मी टेबलावर मूठ आपटली. त्याचा चेहरा पांढरा झाला, आणि तो माझ्या भीतीने झाला असं मी समजलो.

संध्याकाळी घरी खुर्चीत बसलो होतो. बायकोने दिवा लावला, खोलीभर नजर फिरवली आणि शेजारणीला दारातून म्हणाली, अजून आले नाहीत हो, गिरणीत गेले असतील. मी तिच्यापासून चार पावलांवर होतो. खाकरलो. तिच्या हातातली वात पडली.

"कधी आलात?" तिने विचारलं.

"तासभर झाला."

तिने वाकून वात उचलली. मग म्हणाली, "तुम्ही घरात असलात की आवाज न करताही कळतं. भांडी घाशीत असले तरी पाठीला कळतं. आज कळलं नाही." आणि मग खालच्या आवाजात, "तो कॅमेरा घ्यायचा तर लवकर घेऊन टाका. आणि हे बसणं सोडा."

दुसऱ्या दिवशी फिल्म धुऊन घेतली, फोटो छापून घेतला आणि बागबाजारला गेलो. रस्ताभर मी स्वतःशी मोठ्याने बोलत होतो. लोक वळून बघत होते, बरं वाटत होतं.

म्हातारा स्टुलावर होता. या वेळी तो मला लगेच दिसला, गर्दीत ओळखीचा माणूस दिसावा तसा. त्याने फोटो भिंगाखाली धरला. चेहऱ्यावर असं काही आलं की जे मी आधी पाहिलं नव्हतं. मला वाटतं, तो खूश झाला होता.

"झालं," तो म्हणाला. "यात कोणी नाही."

मी म्हटलं, काढा कॅमेरा. किंमत मी सांगणार, ठरलंय.

त्याने डबा उघडून माझ्यापुढे सरकवला. आत तांदूळ होते, आणि तांदळात कॅमेऱ्याच्या आकाराचा खळगा.

"काल दिला," तो म्हणाला. "चहाच्या मळ्यावरचे एक मॅनेजर आले होते. त्यांना गरज होती, ते तुमच्यापेक्षाही मोठ्याने बोलतात. तुम्हाला लांबची काच आता कशाला? ती असते पक्षी ज्यांच्याकडे बघतात त्यांच्यासाठी. तुम्ही तीन हातांवरून काढलात. रोज येत जा इथे. बसत जा. दुसरं स्टूल आहे."

त्याने खरंच दुसरं स्टूल पुसून ठेवलं होतं.

मग मी जो ओरडलो तो आवाज हावड्याला गेला असेल. शब्दाची किंमत, मराठी माणूस, म्हातारपण, सगळं काढलं. डबा उलटा केला. तांदूळ जमिनीवर पसरले. त्याची वीस वर्षं, त्याचे बगळे, त्याचं स्टूल, सगळ्यावर थुंकलो. तो ऐकत होता. मला त्याचं स्टूल नको होतं. मला तिथून बाहेर पडायचं होतं, आणि पाय निघत नव्हते.

आवाजाने गल्ली जमली. खिळेवाला पुढे, मागे आठ-दहा माणसं, समोरच्या खिडकीत बायका. सगळे माझ्याकडे बघत होते. इतके डोळे, आणि सगळे माझ्यावर थांबलेले. मला घाम फुटला, इतकं बरं वाटलं.

"दादा, कोणाशी भांडताय?" खिळेवाल्याने बंगालीत विचारलं.

मी स्टुलाकडे हात केला. ते आत डोकावले. खिळेवाला उंबरठा ओलांडून आत आला, म्हाताऱ्याच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर उभा राहिला आणि भिंतींकडे, डब्यांकडे, सांडलेल्या तांदळाकडे बघितलं. त्याने हाक मारली, काकाबाबू आहात का? उत्तराची वाट बघितली. शेजारी असून कित्येक दिवसांत पाहिलं नाही, असं तो मागच्यांना म्हणाला.

म्हातारा त्याच्याकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता. त्याचे ओठ हलले, पण बाहेरच्या गलक्यात मला ऐकू आलं नाही. मग त्याने हात वर केला. वर्गात मागच्या बाकावरचं पोर करतं तसा, कोपर शरीराला चिकटवून, अर्धवट. इतक्या महिन्यांत त्या माणसाने लक्ष वेधायला बोटसुद्धा हलवलेलं मी पाहिलं नव्हतं.

"दादा?" खिळेवाल्याने मला पुन्हा विचारलं. "कोणाशी?"

एक शब्द पुरला असता. इथे बसलेत, बघा, असं माझ्या आवाजात सांगितलं असतं तर त्यांनी बघितलं असतं. माझ्या आवाजाला माणसं बघतात. पण मग त्यांची नजर माझ्यावरून हलली असती.

"कोणाशी नाही," मी म्हणालो, आणि त्यांच्यातून वाट काढत बाहेर पडलो. फोटो तिथेच राहिला.